दहावीनंतर : आयटीआय, तंत्रनिकेतन की महाविद्यालय?



तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांपुढे दहावीनंतर तीन वाटा असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वीजतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा व्यवसाय दोन वर्षांत शिकता येतो. तंत्रनिकेतनातील पदविका तीन वर्षांची आहे. बारावी विज्ञान व सीईटीनंतरची अभियांत्रिकी पदवी चार वर्षांची आहे.

‘हुशारांनी पदवी घ्यावी, उरलेल्यांनी आयटीआय गाठावे’ ही समजूत मला मान्य नाही. हाताचे काम हलके आणि बुद्धीचे श्रेष्ठ, हा भेद आपल्या समाजाने जन्मावर बेतला. तोच आपण गुणपत्रिकेवर का बेतावा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, तशाच सरकारी छापखान्यांत व रेल्वे कार्यशाळांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. दोन्ही दारे त्यांना उघडी हवी होती.

ही दारे आतून जोडलेलीही आहेत. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेता येतो. हिशेब मांडून पाहा. बारावीमार्गे पदवीला सहा वर्षे लागतात, पदविकामार्गेही सहाच. आयटीआयपासून निघाल्यास सात. मात्र पदविकामार्गे तिसऱ्या वर्षी आणि आयटीआयमार्गे दुसऱ्याच वर्षी पोटापाण्याचे साधन हाती येते.

तरीही एक सावधगिरी हवी. गणित कच्चे राहिले, तर ही दारे कागदावरच राहतात. माझा एक विद्यार्थी कर्ज काढून पदवीला गेला आणि पहिल्याच वर्षी गणितात अडखळून घरी परतला. बुद्धी कमी नव्हती. त्याची पूर्वतयारी आम्ही पारखली नाही, ही चूक आम्हा शिक्षकांची.

म्हणून निर्णयापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. घर माझ्या कमाईवाचून किती वर्षे थांबू शकेल? गणिताशी माझे नाते कसे आहे? यंत्र दुरुस्त करण्यात मी रमतो, की त्याची रचना करण्यात? उत्तरे प्रामाणिक असू द्या. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व शिष्यवृत्तीची कागदपत्रे वेळेत जमवा. कागदाअभावी हक्काची जागा गमावू नका.

वाट कोणतीही धरा, पण ती स्वतः निवडलेली असावी. आपल्या आज्यापणज्यांना निवडीचा अधिकार नव्हता. तुम्हाला तो आहे.