एअर की प्रो?

प्रश्न : मुलगी बी.कॉम.ला आहे. टायपिंग, टॅली, ऑनलाइन तास एवढंच काम. तरी मॅकबुक प्रोच घ्या, एअर मंद पडतो, असं सगळे सांगतात. खरं काय?
– एक पालक, सातारा

उत्तर : २०२० मध्ये एअर आणि १३ इंची प्रो, दोन्हींत एकच एम१ चिप आली, पंखा मात्र फक्त प्रोमध्ये होता. म्हणून फरक जाणवतो तो तासभर व्हिडिओ रेंडर करताना, चिप तापल्यावर. टायपिंगने ती तितकी तापतच नाही. पुढे काम वाढेल म्हणाल, तर तेव्हा अडते बहुधा रॅमपाशी, आणि ती नंतर वाढवता येत नाही. पैसे तिथे घाला, १६ जीबी घ्या. पण टॅली मुळात विंडोजचं! तेच मुख्य काम असेल, तर एसएसडी असलेला साधा विंडोज लॅपटॉपच बघा.