रोजच्या कामातून हालचालींचा खेळ

मुलांनो, शनिवारी शेवटच्या तासाला आपण बाकं भिंतीला सरकवतो आणि 'हालचालींचा खेळ' खेळतो. तुम्हांला तो आवडतो. पण शाळेत येणारे पालक खिडकीतून पाहतात आणि विचारतात, "बाई, हा कवायतीचा तास की नाचाचा?" दोन्ही नाही. मग हा तास कशाचा, ते या लेखात सांगते.

कवायतीत सगळ्यांचे हात एकाच वेळी, एकसारखे वर जातात. बसवलेल्या नाचात बाई दाखवतात आणि मुलं तसंच करतात. या खेळात मात्र कुणी काही दाखवत नाही. विषय सर्वांना एकच, हालचाल ज्याची त्याची. पहिलीच्या मुलाला "नाच" म्हटलं, की तो फ्रॉकवालीच्या मागे लपतो. त्यालाच "भरलेला हंडा उचल, पाणी सांडू नकोस" म्हटलं, की गुडघे आपोआप वाकतात, पाठ ताठ होते, पावलं जपून पडतात. त्याचं अंग बोलू लागतं. हंडा नसतानाही आपल्याला तो दिसतो.

हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या माहेरी, मालाडला. मालाड म्हटलं, की लोकांना लोकलची गर्दी आठवते. पण स्टेशनपासून पश्चिमेला गेलं, की मार्वे, मढ ही किनाऱ्याची गावं लागतात. तिथं कोळीवाडे आहेत. जाळं ओढताना माणसं पाय रोवतात, अंग मागे झुकवतात आणि सगळ्यांचा जोर एकाच क्षणी दोरावर पडतो. एकजण जरी मागेपुढे झाला, तरी जोर वाया जातो. त्याच किनाऱ्यावर बायका बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि ती बांबूवर टाकायची. तिथं अंगाचा जोर नको, बोटांची चपळाई हवी. एकाच घरातली ही दोन कामं, पण हालचाली किती वेगळ्या! कोळीनृत्यात वल्हं मारण्याची लय दिसते ती उगाच नाही. काम आधी, नाच नंतर.

रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) नावाचा एक नृत्यशिक्षक युरोपात होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यानं इंग्लंडमधल्या कारखान्यांत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला. पुढे १९४८ साली शाळेतल्या नृत्यशिक्षणावर पुस्तक लिहिलं. कुठलीही हालचाल पाहताना चार गोष्टी पाहा, असं त्याचं सांगणं. जोर किती? वेग किती? दिशा सरळ की वळणाची? आणि हालचाल मोकळी वाहते की आवरून धरलेली?

हे अवघड वाटलं तर घरचं धुणं आठवा. कपडा आपटतो तेव्हा जोर भरपूर, वेग जास्त, दिशा सरळ. पिळतो तेव्हा जोर तेवढाच, पण वेग कमी आणि दिशा वळणाची. झटकतो तेव्हा जोर थोडा, वेग जास्त. दोरीवर पसरून हलकेच हात फिरवतो तेव्हा जोरही कमी, वेगही कमी. एका धुण्यात चार तऱ्हा सापडल्या! ज्याला हा फरक अंगानं कळला, त्याला 'जोरात' आणि 'भरभर' हे दोन शब्द वेगळे आहेत, हे निराळं समजवावं लागत नाही.

आता आपल्या वर्गाचा पाठ पाहू. जाळं आणि होडी मढच्या मुलांची. आपल्या गावची मुलं आवणी पाहतात, म्हणून आपण विषय घेतला 'भाताची आवणी'.

१. तयारी : वर्गभर मोकळं चालायचं. थाळी वाजली की जागच्या जागी पुतळा. कुणालाही धक्का लावायचा नाही. (पाच मिनिटे)

२. आठवण : डोळे मिटून बसायचं. मी विचारते, "चिखलात पाय घातला की काय होतं? काढताना काय होतं?" तोंडानं उत्तर द्यायचं नाही, पायानं द्यायचं.

३. काम : रोपं उपटणं, मुळांची माती झटकणं, मूठ बांधणं, मूठ खाचरात फेकणं, वाकून लावणं. लावताना माणूस पुढे जातो की मागे? चौथीतल्या अर्ध्या वर्गानं पुढे पाऊल टाकलं. एक मुलगी मात्र मागे मागे सरकत गेली. तिचं बरोबर होतं. पुढे गेलो तर लावलेली रोपं तुडवली जातील. पुस्तक न उघडता सगळ्यांना कारण कळलं.

४. बदल : तेच काम आता अगदी सावकाश करा. आता पाऊस धो धो आला. आता तुम्ही माणूस नाही, रोप आहात. इथून कल्पना सुरू होते आणि प्रत्येकाचं रोप निराळं उगवतं.

५. विसावा : आडवे पडून श्वास ऐकायचा.

सगळं मिळून पंचवीस मिनिटे. साहित्य एक थाळी, एक चमचा. शिकवणाऱ्यानं एवढं पाळावं : स्वतः करून दाखवू नये, प्रश्न विचारावा. "चूक" म्हणू नये, "आणखी कसं करता येईल?" म्हणावं. जो कोपऱ्यात उभा राहतो त्याला ओढू नये, थाळी वाजवायला द्यावी. आपली थाळी वाजवणारी दोन मुलं तिसऱ्या शनिवारी आपणहून रिंगणात आली.

आता एक मनाला लागलेली गोष्ट. एका मुलाचे वडील म्हणाले, "बाई, आम्ही जन्मभर चिखलात वाकलो. पोराला वाकायला लागू नये म्हणून शाळेत घातलं, अन् तुम्ही त्याला आवणीच शिकवता?" त्यांचं दुःख खरं आहे. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, त्यानं आवणीच करावी म्हणून हे नाही. पण तुमच्या कामात किती कौशल्य आहे, ते त्यानं पाहावं. आपल्या बापाच्या कामाची लाज वाटणारा मुलगा शिकून मोठा झाला, तरी आतून लहानच राहील." ते गप्प राहिले. पुढच्या शनिवारी मात्र दारात उभे राहून मूठ कशी बांधतात, ते पोरांना सांगून गेले.

हा विचार माझ्या एकटीचा नाही. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाच्या रोजच्या जगण्यातून शिक्षण सुरू करायचं, ही वाट त्यांनी घालून दिली. आपला शनिवारचा तास त्याच वाटेवरचं एक लहान पाऊल आहे.

घरी करून पाहा : आई भाकरी थापते तेव्हा तिचे हात दोन मिनिटं नुसते पाहा. कुठं जोर आहे, कुठं नाही? शनिवारी पिठाशिवाय भाकरी करून दाखवा. ती भाकरी कुणाच्या घरची, हे आम्ही ओळखू!

पालकहो, आपणही या. खिडकीत उभे राहू नका, आत या. आपलं काम मुलांना सांगा. वर्गात जागा पुष्कळ आहे.