मोरॅटोरियम म्हणजे माफी का?

प्रश्न : मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रात ‘मोरॅटोरियम पिरियड : कोर्स संपेपर्यंत अधिक एक वर्ष’ असे लिहिले आहे. आमचे मेहुणे म्हणतात, तेवढ्या काळाचे व्याज माफ. बँकेतले साहेब ‘तसं नसतं हो’ एवढेच म्हणाले. करोनाच्या वेळी हाच शब्द ऐकला होता आणि एकदा वांग्याच्या बातमीतही वाचला होता. कर्जाला आणि वांग्याला एकच शब्द कसा? तो वापरायचा कसा, तेही सांगावे. – एक वाचक, सांगली

उत्तर : मेहुण्यांचे अर्धे बरोबर आहे, पण जे अर्धे चुकले आहे तेच नेमके खिशाला चाट लावणारे आहे. मोरॅटोरियम म्हणजे अधिकार असलेल्याने काही काळापुरती जाहीर केलेली तहकुबी. जे द्यायचे किंवा करायचे ते तूर्त थांबते. मूळ देणे मात्र जागच्या जागी राहते.

तुमच्या कर्जाचेच बघा. समजा, बँक चार वर्षे दर वर्षाच्या सुरुवातीला एक-एक लाख देणार आहे आणि व्याज 9 टक्के, सरळव्याजाने. शिक्षणाची चार आणि वरचे एक अशी पाच वर्षे हप्ता नाही. पण पहिल्या लाखावर पाच वर्षांचे 45,000 रुपये व्याज चढते, दुसऱ्यावर 36,000, तिसऱ्यावर 27,000 आणि चौथ्यावर 18,000. बेरीज 1,26,000. हप्ते सुरू होतात ते चार लाखांवर नव्हे, तर 5,26,000 रुपयांवर. म्हणून मधल्या काळात निदान व्याज तरी भरत जावे; तसे भरणाऱ्याला काही बँका व्याजदरात थोडी सवलतही देतात. मेहुण्यांच्या डोक्यात बहुधा केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना असावी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि बाकीच्या अटी जुळत असतील, तर या काळाचे व्याज सरकार भरते. पण तेव्हाही ते माफ होत नाही, कोणीतरी भरतेच!

करोनाच्या वेळी हाच घोळ देशभर झाला. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 रोजी कर्जाचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली, मग ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. अनेकांना वाटले, सहा हप्ते वाचले. प्रत्यक्षात व्याज चालूच होते आणि गृहकर्ज नवे असेल तर सहा महिन्यांच्या सुटीपायी मुदत सहाहून बऱ्याच जास्त महिन्यांनी लांबली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च 2021 मध्ये न्यायालयाने सगळे व्याज माफ करायला नकार दिला, मात्र त्या काळातल्या व्याजावरचे व्याज कोणाकडूनही घेऊ नये, असे सांगितले.

हप्त्यांना मुभा मिळाली त्याच महिन्यात, मार्च 2020 मध्ये, या शब्दाची उलटी बाजूही दिसली. 5 मार्च 2020 रोजी येस बँकेवर मोरॅटोरियम आला. इथे देणेकरी होती बँक आणि थांबवले होते ते ठेवीदारांना पैसे देणे. सर्वसाधारणपणे 50,000 रुपयांच्या वर काढता येत नव्हते. ठेवी बुडाल्या नव्हत्या, वाट मात्र बघावी लागली. 18 मार्चला निर्बंध उठले. एकाच महिन्यात एकच शब्द कर्जदाराला दिलासा वाटला आणि ठेवीदाराच्या पोटात गोळा आणून गेला. त्यामुळे हा शब्द दिसला की आधी बघावे, थांबले आहे ते कोणाचे आणि चालू काय राहिले आहे.

आता वांगे. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, वांग्याला ऑक्टोबर 2009 मध्ये नियामक समितीने हिरवा कंदील दाखवला आणि गदारोळ उठला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी या वांग्याच्या लागवडीवर मोरॅटोरियम जाहीर केला. बंदी म्हटले असते तर विषय मिटला असता. इथे फाईल उघडीच ठेवली : वांगे सुरक्षित असल्याचे स्वतंत्र अभ्यासातून सिद्ध होईपर्यंत थांबा, असा निर्णय होता. थांबवायचे काम तेच. पैशाच्या जागी बियाणे आले एवढेच.

‘तात्पुरते’ हा भाग मात्र कधी कधी कागदावरच राहतो. व्यापारी देवमासेमारीवरचा आंतरराष्ट्रीय मोरॅटोरियम 1982 मध्ये ठरला, काही वर्षांत लागू झाला आणि अजून उठलेला नाही. आपल्याकडच्या सरकारी समित्यांना मुदतवाढ मिळते, तशातलाच हा प्रकार.

शब्दाचा शेवट ऑडिटोरियम, क्रेमेटोरियमसारखा असल्याने ही एखादी इमारत असावी, असेही काहींना वाटते. सुरुवात ‘मॉर्च्युअरी’सारखी वाटते, म्हणून कोणी त्याचा मरणाशी संबंध जोडतो. दोन्ही नाही. मूळ लॅटिन धातू विलंब लावण्याचा. 1870 मध्ये जर्मनांशी युद्ध पेटल्यावर फ्रान्सने व्यापारी हुंड्यांचे भरणे लांबणीवर टाकले आणि पुढे हा शब्द इंग्रजीतही रुळला.

कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्या मुंबई इलाख्यात पीक बुडाले की साऱ्याची तहकुबी वेगळी आणि सूट वेगळी. 1918 च्या खेडा सत्याग्रहातले भांडण तहकुबीचे होते. पीक चार आण्यांच्या, म्हणजे नेहमीच्या पाव हिश्श्याच्या, आत असेल तर वसुली पुढे ढकलायची, असा नियम होता आणि पीक नेमके किती आणे आले यावर शेतकरी आणि सरकार यांचे जमेना.

वापराबद्दल थोडे. इंग्रजीत या शब्दाच्या पुढे ‘ऑन’ येते : मोरॅटोरियम ऑन न्यू कन्स्ट्रक्शन. तो ‘इम्पोज’ किंवा ‘डिक्लेअर’ करतात आणि संपवताना ‘लिफ्ट’ करतात. अनेकवचन मोरॅटोरियम्स किंवा मोरॅटोरिया, दोन्ही चालतात. ‘ग्रेस पिरियड’शी गल्लत करू नये. विम्याच्या हप्त्याची तारीख उलटल्यावरही काही दिवस तो स्वीकारतात, तो ग्रेस पिरियड. मोरॅटोरियममध्ये तारीखच पुढे सरकते. आणि तो जाहीर करायला अधिकार लागतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने दिवाळीपर्यंत फ्लॅटमधली तोडफोड थांबवायचा ठराव केला, तर त्याला खुशाल मोरॅटोरियम म्हणा. शेजाऱ्याचे उसने पैसे ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणणाऱ्याने मात्र हा शब्द वापरू नये; त्या बाबतीत जाहीर करायचा तर तो शेजाऱ्याने.