पदार्थविज्ञानाचा शिक्षक कसा पारखावा?

दहावीचा निकाल लागला कीं सेलूंतील अनेक घरांत एकच लगबग सुरू होते. मुलाला वा मुलीला विज्ञानशाखेंत घालावयाचें ठरतें, नवीं पुस्तकें येतात, आणि दोनतीन महिने लोटतात न लोटतात तोंच पहिली तक्रार कानीं येते : "बाकीचे विषय कळतात, पदार्थविज्ञान मात्र कळत नाहीं." मग शिकवणीचा शोध सुरू होतो. कोणी लातूरचें नांव सुचवितो, कोणी नांदेडचें, कोणी थेट राजस्थानांतील कोट्याचें. वडिलांच्या मनांत शेताच्या उत्पन्नाचा हिशेब चालतो, आईला सोळा वर्षांचें लेंकरूं परगांवीं ठेवण्याची धास्ती वाटते, आणि मुलाच्या मनांत या दोहोंहून वाईट अशी एक शंका घर करते, ती ही कीं, आपल्यालाच बुद्धि कमी आहे. या शंकेचें निरसन करावें आणि शिक्षक शोधतांना काय पाहावें याविषयीं पालकांस व विद्यार्थ्यांस चार गोष्टी सांगाव्या, एवढ्यासाठीं आम्हीं हा लेख लिहिला आहे.

प्रथम हा विषय अवघड कां वाटतो तें पाहूं. शाळेंत आपण गतीचीं तीन समीकरणें शिकलों. तीं खरीं आहेत, पण एका अटीवर : त्वरण आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखें असलें पाहिजे. सृष्टींतील बहुतेक गति अशा नसतात. झोपाळा मध्यावर येतांना वेगवान असतो व टोंकाला गेला म्हणजे क्षणभर थांबतो. स्प्रिंग जितकी अधिक ताणावी तितकी ती अधिक जोरानें मागें ओढते. ग्रह सूर्याजवळ आला म्हणजे त्वरेनें चालतो व दूर गेला म्हणजे मंदावतो. जेथें बल क्षणोक्षणीं बदलतें तेथें साधा गुणाकार-भागाकार पुरत नाहीं. त्या बदलाचा हिशेब ठेवणारें निराळें गणित लागतें, आणि त्यालाच कलन म्हणतात. सतराव्या शतकांत न्यूटन व लाइबनिझ यांनीं तें स्वतंत्रपणें उभारलें. न्यूटनला तर तें गतीच्या विचारासाठींच हवें होतें. कलन हा उच्च पदार्थविज्ञानाचा कणा आहे, तो वगळून विषय उभा राहत नाहीं.

आतां आमच्या मुलांची अडचण कोठें येते तें पाहा. महाराष्ट्र राज्याचें अकरावीच्या पदार्थविज्ञानाचें जें पुस्तक २०१९ सालीं निघालें, त्यांत दुसऱ्याच प्रकरणांत सदिशांबरोबर कलनाची तोंडओळख करून दिलेली आहे. ती कांहीं थोड्या पानांत उरकते, आणि पुढें लगेच तिचा उपयोग सुरू होतो. त्याच वर्षीं निघालेल्या गणिताच्या पुस्तकांत मात्र सीमा, सातत्य आणि अवकलन हीं प्रकरणें दुसऱ्या भागाच्या अगदीं शेवटीं आहेत, आणि समाकलन तर बारावीवर गेलेलें आहे. वर्गांत ज्यांना डेरिव्हेटिव्ह व इंटिग्रेशन म्हणतात तींच हीं दोन. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या तासाला जें हत्यार पावसाळ्यांत हवें, तें गणिताच्या तासाला वर्ष सरतांना हातीं पडतें. ज्यांनीं गणित सोडून जीवशास्त्र घेतलें, त्यांना तर गणिताचा तासच नसतो. अशा स्थितींत मूल अडखळलें तर त्यांत त्याच्या बुद्धीचा दोष कोणता? पेरणीच्या वेळीं तिफण मिळाली नाहीं तर शेतकऱ्याला आळशी म्हणणें जसें अन्यायाचें, तसेंच हें आहे.

अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेंही हा प्रश्न येतो. तेथें शाळेच्या वरच्या वर्गांत 'एपी फिजिक्स सी' नांवाचा कलनावर आधारलेला अभ्यासक्रम असतो. तो घेणाऱ्या विद्यार्थ्यानें कलन आधीं शिकलेलें असावें, निदान त्याच वर्षीं बरोबरीनें शिकत असावें, अशी शिफारस तेथें केलेली असते. यावरून एवढें कळेल कीं क्रमाचें महत्त्व सर्वत्र सारखेंच आहे.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठींतून शिकलेल्या मुलाला अकरावींत सर्व पदार्थविज्ञान एकदम इंग्रजींतून वाचावें लागतें. घरची भाषा एक आणि शास्त्राची दुसरी, हा प्रसंग आमच्या भागाला नवा नाहीं. सेलू १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत विज्ञानाचें उच्च शिक्षण उर्दूंतून दिलें जाई. त्या पिढीनें तो पल्ला गांठला, आजचीही गांठील. परंतु त्यासाठीं कल्पना आधीं मायबोलींत समजली पाहिजे. शब्द मागून बदलतां येतो.

कल्पना समजणें म्हणजे काय, हें दाखविण्यासाठीं एक लहानसा पाठच येथें करूं. विद्यार्थ्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें. एका खोल कोरड्या विहिरींत दगड सोडला आहे असें समजा. हवेचा अडथळा सोडून दिला, तर दगड पडलेलें अंतर मीटरमध्यें काढण्यासाठीं ४·९ ला सेकंदांच्या वर्गानें गुणावें. एका सेकंदांत तो ४·९ मीटर पडतो, दोन सेकंदांत १९·६ मीटर. प्रश्न असा : बरोबर एक सेकंद झाला त्या क्षणीं त्याचा वेग किती?

वेग म्हणजे अंतर भागिले काल. पण एका क्षणांत अंतरही शून्य आणि कालही शून्य. शून्याला शून्यानें भागावें कसें? येथेंच मूल अडतें. आतां युक्ति पाहा. पहिल्या सेकंदापासून दुसऱ्या सेकंदापर्यंतचा सरासरी वेग काढला तर तो १४·७ येतो. एक सेकंदापुढें फक्त एक-दशांश सेकंद घेतला तर १०·२९ येतो. एक-शतांश घेतला तर ९·८४९, आणि एक-सहस्रांश घेतला तर ९·८०४९. काल जसजसा आखडत जातो तसतसा वेग ९·८ च्या जवळ सरकत जातो, आणि काल पुरेसा लहान घेतला तर त्यांतील फरक आपण म्हणूं तितका कमी करतां येतो. म्हणून त्या क्षणींचा वेग सेकंदास ९·८ मीटर. अंतर व काल दोन्ही शून्याकडे जातात, पण त्यांचा भागाकार शून्य होत नाहीं. त्याला एक निश्चित मूल्य असतें. अवकलनाचें सारें मर्म एवढेंच आहे.

'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या गणितावर मराठींत पुस्तक लिहिलें, आणि विषयाला 'शून्यलब्धि' असें नांव दिलें. वरचें उदाहरण ज्यानें हातानें सोडविलें त्याला हें नांव किती समर्पक आहे तें सांगावें लागणार नाहीं. त्याच्याही कितीतरी आधीं, ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणि' ग्रंथांत भास्कराचार्यांनीं ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला होता. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. क्षणाच्या वेगाचा प्रश्न आमच्या मातीला परका नाहीं.

समाकलनासाठीं दूर जावयास नको. आपल्याच तालुक्यांत ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना धरण आहे. पावसाळ्यांत त्यांतून इतक्या क्युसेकनें विसर्ग सुरू आहे, अशी बातमी आपण ऐकतों. क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट. विसर्ग दोन तास एकसारखा असेल तर एकूण पाणी साध्या गुणाकारानें निघतें. पण समजा, तो १००० क्युसेकपासून सारखा वाढत दोन तासांनीं ३००० झाला, तर? आलेख काढा. काल आडवा, विसर्ग उभा. रेषेखालचें क्षेत्रफळ हेंच एकूण पाणी. सरासरी २००० क्युसेक, काल ७२०० सेकंद, म्हणजे १ कोटी ४४ लाख घनफूट. रेषा सरळ होती म्हणून सरासरीनें भागलें. ती वांकडी असती तर त्या क्षेत्राच्या बारीक बारीक उभ्या पट्ट्या करून त्यांची बेरीज करावी लागली असती. ती बेरीज म्हणजेच समाकलन.

आतां शिक्षकाकडे वळूं. शिक्षकाची पहिली परीक्षा वरच्याच प्रश्नानें करावी. "क्षणाचा वेग म्हणजे काय?" असें मुलानें विचारल्यावर जो लगेच सूत्र लिहून देतो, तो परीक्षेपुरता उपयोगी असेल. जो दगड, गाडी वा झोपाळा घेऊन कल्पना उभी करतो, तो विषयाचा शिक्षक होय. दुसरी परीक्षा : पहिल्या दिवशीं तो मुलाची वही मागतो कीं फीचा तक्ता दाखवितो? दुखणें कोठें आहे हें न पाहतां औषध देणारा वैद्य आपण पसंत करीत नाहीं. मूल कलनांत अडलें आहे, कीं आकृति काढण्यांत, कीं इंग्रजी वाक्यांत, कीं नववीच्या बीजगणितांतच कच्चें आहे, हें आधीं ठरलें पाहिजे. तिसरी : खडू कोणाच्या हातांत आहे? शिक्षक फळ्यावर भराभर गणितें सोडवितो आणि मुलें उतरून घेतात, त्या शिकवणींत शिक्षकाचाच सराव होतो. मुलाला फळ्यापाशीं उभें करून जो गप्प बसूं शकतो व चूक दिसली तरी क्षणभर धीर धरतो, त्याच्याकडे मूल शिकतें. चौथी : उत्तर आल्यावर तो एकक व दिशा विचारतो काय? पांचवी : एखादा प्रश्न न आल्यास "उद्यां पाहून सांगतों" असें म्हणण्याचा मोकळेपणा त्याच्यांत आहे काय?

या विषयाला गणित व सृष्टिशास्त्र दोन्हींत पाय रोवून उभा असलेला मनुष्य हवा. आमच्याकडे अशा गुरूंची परंपरा आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तरुणपणीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत काम केलें. पुढें पुण्यास डेक्कन कॉलेजांत ते गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत, आणि लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. वेधशाळेंत आंकडे हातानें मांडलेल्या माणसाला गणित कशासाठीं आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं.

असा एकच मनुष्य गांवांत न मिळाला तर? तर दोघे मिळवावे. आमची सूचना अशी आहे कीं पालकांनीं जूनमध्येंच शाळेंतील वा महाविद्यालयांतील गणिताच्या शिक्षकांना भेटून, पांचसात मुलांचा गट करून, आठदहा पाठांची विनंति करावी. त्या पाठांत एवढेंच असावें : आलेखाचा उतार, घातांचें अवकलन, ज्या व कोज्या यांचें अवकलन, आलेखाखालचें क्षेत्रफळ, आणि घातांचें समाकलन. एवढी शिदोरी बांधून मूल पदार्थविज्ञानाच्या वर्गांत बसलें, तर निम्मी तक्रार आपोआप मिटते. मग उरलेल्या अडचणींसाठीं पदवीच्या वर्गांत पदार्थविज्ञान शिकणारा गांवचाच एखादा विद्यार्थीही आठवड्यांतून दोन दिवस पुरतो. तो नुकताच त्याच वाटेनें गेलेला असतो, म्हणून खांचखळगे त्याला आठवतात. इंग्रजी वाचण्याचा सराव झालेल्या विद्यार्थ्यानें एच. सी. वर्मा यांच्या 'कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' या पुस्तकाचें दुसरें प्रकरण अवश्य वाचावें. तें पदार्थविज्ञानाला लागणाऱ्या गणितासाठींच लिहिलेलें आहे.

परगांवीं पाठवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. कांहीं मुलांना तें मानवतें. परंतु पाठविण्यापूर्वीं पालकांनीं कायदेकानूनची बाजू पाहावी. जानेवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयानें शिकवणीवर्गांसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलास दाखल करूं नये, पदवीहून कमी शिकलेला शिक्षक नेमूं नये, गुणांची वा क्रमांकाची हमी देऊं नये, आणि सर्व फी भरून मूल मध्येंच निघालें तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असें त्यांत सांगितलें आहे. तेव्हां हमी देणारी जाहिरात दिसली कीं सावध व्हावें. वर्षाची फी एकदम भरण्याऐवजीं हप्ते मागावे, आणि चारपांच तास मुलाला बसवून मगच शब्द द्यावा. शेत गहाण टाकून विकत घेतलेल्या शिकवणीचें ओझें मुलाच्या डोक्यावर बसतें, आणि तें ओझें घेऊन कोणालाही नीट विचार करतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटचा शब्द तुमच्यासाठीं. उत्तम शिक्षकही तुमच्याऐवजीं विचार करूं शकत नाहीं. शिकवणीला जातांना "मला कांहींच कळत नाहीं" असें सांगूं नका. कोणत्या ओळीपर्यंत कळलें आणि कोणत्या ओळीला गाडी थांबली तें वहींत खूण करून न्या. शिकलेलें त्याच संध्याकाळीं धाकट्या भावंडाला वा आईला मराठींत सांगून पाहा. सांगतां आलें तर समजलें. विहिरींतील दगडाचें उदाहरण आज रात्रीं पुस्तक मिटून पुन्हा करा, आणि या वेळीं दोन सेकंदांच्या क्षणींचा वेग काढा. उत्तर १९·६ आलें, आणि तें कां आलें हें तुम्हांला सांगतां आलें, तर आपल्याला बुद्धि कमी आहे ही शंका मनांतून काढून टाका. तुम्हांला हवी होती ती एक पायरी, आणि ती तुम्ही आतांच चढलां आहां.