युद्ध लांबलं की आपल्या धंद्याचं काय होतं?

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा मला वाटलं, महिनाभरात मिटेल. म्हणून फरसाणच्या लग्नाच्या ऑर्डरी जुन्याच भावात घेतल्या. तेलाचा डबा कडाडला आणि त्या ऑर्डरी मी पदरमोड करून पूर्ण केल्या.

कारण काय? आपलं बहुतेक सूर्यफूल तेल तेव्हा युक्रेनमधून यायचं. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली, माल अडकला. पामतेलाकडे वळावं, तर एप्रिलअखेर इंडोनेशियाने काही आठवडे त्याची निर्यातच थांबवली. म्हणजे पर्यायही महाग!

युद्ध लांबलं, तसं बाकीचंही बदललं:

• धान्य: जुलै 2022 मध्ये जहाजांना वाट देणारा करार झाला. वर्षभरात रशिया त्यातून बाहेर पडला.
• इंधन: युरोपने रशियन तेल-गॅसची खरेदी कमी केली. तेच कच्चं तेल सवलतीत भारताकडे वळलं.
• सुरक्षा: फिनलंड 2023 मध्ये आणि स्वीडन 2024 मध्ये नाटोत गेले. जर्मनीने कर्ज काढून सैन्यासाठी 100 अब्ज युरोंचा निधी उभारला.

हे बदल युद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी उलटे फिरत नाहीत. म्हणून "युद्ध संपलं की भाव उतरतील" या भरवशावर धंदा करू नका.

आजच दोन कामं करा. कोटेशनवर भावाची मुदत लिहा. आणि मुख्य माल कुठून येतो ते शोधा. दोन व्यापारी एकाच देशाचा माल विकत असतील, तर तो पर्याय नव्हे!