व्याधीचा शेष

चाकणच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षे पाळ्या केलेले आणि रात्रपाळीची झोप चुना-तंबाखूच्या चिमटीने हटविण्याची सवय लागलेले थेरगावचे एक गृहस्थ, गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे लोटल्यावर, डांगे चौकाजवळील माझ्या दवाखान्यात येऊन विचारते झाले, "डॉक्टरसाहेब, आजार उरला की गेला हे म्हणे आता रक्तातून कळते, मग रक्त साफ निघाले तर शेक कशाला घ्यायचा?"

ऋणाचा, अग्नीचा आणि व्याधीचा शेष ठेवू नये, असे जुनी माणसे सांगत. पण शेष दिसतच नसेल तर काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दिले. मानेत गाठ हाताला लागत नाही अशा आरंभीच्या मुखकर्करोगाच्या ५०० रुग्णांत, मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, तर गाठ प्रकट होईपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्केच.

हाच अदृश्य शेष आता रक्तात धुंडाळला जातो. मरणाऱ्या पेशी आपल्या डीएनएचे सूक्ष्म तुकडे रक्तात सोडतात आणि ते काही तासांतच नष्ट होतात. म्हणून गाठ काढल्यावर काही आठवड्यांनीही तिच्या जनुकीय दोषांच्या खुणा असलेले तुकडे सापडले, तर ते सोडणाऱ्या पेशी शरीरात कोठेतरी जिवंत आहेत असा संशय बळावतो. त्यासाठी आधी काढलेल्या गाठीतील दोषांची नोंद करून मग रक्तात नेमके तेच शोधावे लागतात. नमुना फार लवकर घेतला तर जखमेतून आलेल्या निरोगी डीएनएच्या गर्दीत ते हरवतात. घशाच्या काही कर्करोगांत विषाणूचा डीएनए ही आयती खूण मिळते. आपल्याकडील तंबाखूजन्य मुखकर्करोगात ती सोय बहुधा नसते.

आणि चमचा-दोन चमचे रक्तात खूण मिळाली नाही, एवढ्यावरून रोगमुक्तीचा दाखला मिळत नाही. मुखकर्करोगात केवळ अशा तपासणीच्या निकालावरून उपचार कमी करावेत, इतका पुरावा अद्याप जमलेला नाही. त्या आशेवर 'पॅकेज' विकणाऱ्यांच्या मखलाशीला, माझे ऐकाल तर, भुलू नये. रक्तात खूण सापडली तर मात्र तो निकाल दडपून न ठेवता आपल्या शल्यविशारदास दाखवावा.

त्या गृहस्थांच्या फायलीत कापलेल्या गाठीचा अहवाल तळाशी दडला होता, तो मी वर काढला : कर्करोग एका ग्रंथीचे कवच फोडून बाहेर आलेला. अशा वेळी शस्त्रक्रियेपासून सुमारे सहा आठवड्यांच्या आत शेक, म्हणजे किरणोपचार, सुरू व्हावा आणि प्रकृतीस झेपत असेल तर त्यासोबत सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषधही द्यावे, हा अनुभवसिद्ध मार्ग आहे. मुदतीतले तीन आठवडे आधीच खर्ची पडले होते. म्हणून रक्ताची चर्चा बाजूला ठेवून, शेकापूर्वी दात तपासून घेण्यासाठी मी त्यांना त्याच दुपारी दंतवैद्याकडे धाडले.