कडवी एकमेकांना का चिकटली?

प्रश्न : आमची छोटी प्रकाशन संस्था आहे. लेखकांकडून वर्डच्या फायली येतात, त्यांची आम्ही ई-पुस्तकं करतो. वर्डमधून निघालेल्या एक्सएमएलला प्रकरण, उपप्रकरण, कविता असा आकार द्यायला मी एक्सएसएलटी वापरतो. पण त्यातले ‘इफ’ आणि ‘चूज’ इतके वाढलेत, की एक जागा दुरुस्त केली की दुसरीकडे काहीतरी बिघडतं. अलीकडे एका कवितासंग्रहातली सगळी कडवी एकमेकांना चिकटली. अटी मांडायची याहून बरी रीत आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आहे, आणि ती या भाषेत पहिल्यापासून आहे. पण आधी तुमचा कच्चा माल नीट बघू. वर्डची डॉक्स फाइल म्हणजे एक झिप असते. तिच्या नावातलं डॉक्स काढून झिप लिहा आणि उघडा. ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट’ ही एक्सएमएल फाइल दिसेल. तीत सगळे परिच्छेद एकाखाली एक, एकाच पातळीवर असतात. मथळा हाही परिच्छेदच, फक्त त्याला शैलीचं नाव चिकटवलेलं असतं. प्रकरण कुठे संपलं, कविता कुठे सुरू झाली, हे त्या फायलीत कुठेही लिहिलेलं नसतं. ते शेजारपाजार बघून ठरवावं लागतं, आणि सगळी मेहनत तिथेच आहे.

ही फाइल आधी साध्या रूपात आणा. खुणांची नावं मराठीत ठेवायला हरकत नाही. १९९८च्या पहिल्या एक्सएमएलपासून देवनागरी नावं चालतात. (फक्त नावात अदृश्य जोडखूण येऊ देऊ नका. २००८च्या पाचव्या आवृत्तीआधीच्या नियमांत ती बसत नाही आणि जुने पार्सर अडतात.) मग मजकूर असा दिसेल :

<परिच्छेद शैली="मथळा">पाऊस</परिच्छेद>
<परिच्छेद शैली="ओळ">…</परिच्छेद>
<परिच्छेद/>
<परिच्छेद शैली="ओळ">…</परिच्छेद>

आता अटींकडे येऊ. इतर भाषांतून आलेला माणूस एकच मोठा टेम्प्लेट लिहितो, आत सगळ्या परिच्छेदांवर फेरी मारतो आणि प्रत्येकापाशी ‘हा मथळा आहे का, ओळ आहे का’ असं विचारत बसतो. तुमचंही तेच झालेलं दिसतं. पण एक्सएसएलटी ही नियमांची भाषा आहे. जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी तिची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून तिचा गाभा हाच आहे : अट टेम्प्लेटच्या पोटात नको, त्याच्या ‘मॅच’मध्ये लिहा. परिच्छेद[@शैली='मथळा'] याला एक टेम्प्लेट, परिच्छेद[@शैली='ओळ'] याला दुसरा. दोन्ही छोटे, आणि एकाला हात लावला तर दुसऱ्याला धक्का नाही.

या सगळ्यांच्या तळाशी एक टेम्प्लेट हवाच : जो नोड समोर येईल तो जसाच्या तसा उतरवायचा आणि त्याच्या मुलांकडे जायचं. इंग्रजीत त्याला आयडेंटिटी टेम्प्लेट म्हणतात. तो असला की ज्याबद्दल तुम्ही काहीच सांगितलेलं नाही ते शाबूत राहतं. तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१७पासून, हेच काम ‘मोड’च्या एका ओळीत होतं.

दोन नियम एकाच परिच्छेदाला लागू पडले तर? नुसत्या नावाच्या नियमाचं प्राधान्य ०, चौकटी कंसात अट असली की ०.५, आणि तळाच्या सरसकट नियमाचं उणे ०.५. म्हणजे नेमका नियम आपोआप जिंकतो. पण अट असलेले दोन नियम भिडले की दोन्ही ०.५वर असतात. बरेच प्रोसेसर मग फाइलीत शेवटी आलेला नियम घेतात. त्यावर विसंबू नका, प्राधान्य स्वतः लिहा.

आता तुमची कडवी. माझा अंदाज असा, की तुम्ही आधी रिकामे परिच्छेद झाडून टाकले आणि नंतर लागोपाठच्या ओळी एकत्र बांधल्या. गद्यात रिकामा परिच्छेद म्हणजे लेखकाने दोनदा दाबलेला एंटर, तो गेला तरी चालतं. कवितेत मात्र ती मोकळी ओळ कवीने लिहिलेली आहे. ती काढली की दोन कडव्यांमध्ये काही उरतच नाही. तेव्हा रिकाम्या परिच्छेदाचे दोन नियम करा. ज्याचा लगतचा आधीचा आणि लगतचा नंतरचा शेजारी ‘ओळ’ आहे, तो कडव्याची सीमा. बाकीचे काढा. इथे ‘लगतचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शेजारी शोधताना पुढे चौकटी कंसात एकचा आकडा लिहायचा राहिला, तर आधी कुठेही एखादी ओळ असली तरी अट खरी ठरते आणि पुस्तकभर खोट्या सीमा पडतात.

रिकामा कशाला म्हणायचं हेही तपासा. परिच्छेद[. = ''] ही अट चित्र असलेल्या परिच्छेदालाही लागू पडते, कारण चित्रात मजकूर नसतो. आत मूल नाही आणि मजकूरही नाही, अशी दुहेरी अट हवी. उलट ज्यात फक्त न तुटणारी मोकळी जागा आहे तो परिच्छेद रिकामा असून भरलेला ठरतो. ‘नॉर्मलाइझ-स्पेस’ ती जागा काढत नाही, आधी ‘ट्रान्सलेट’ने तिची साधी स्पेस करून घ्या.

बांधणीसाठी २००७च्या दुसऱ्या आवृत्तीतलं ‘फॉर-ईच-ग्रुप’ घ्या. प्रकरणांना ‘ग्रुप-स्टार्टिंग-विथ’, कवितेच्या ओळींना ‘ग्रुप-अ‍ॅडजेसंट’, उपप्रकरणांसाठी गटाच्या आत पुन्हा गट. ‘एक्सएसएलटीप्रॉक’ला हे येत नाही, सॅक्सनची मोफत आवृत्ती वापरा. पहिल्या मथळ्याआधीची अर्पणपत्रिका बिनमथळ्याच्या गटात येईल, तिला प्रकरण समजू नका.

काम झालं की एक तपासणी जरूर करा. एकही टेम्प्लेट नसलेली स्टाइलशीट चालवली तर भाषेचे अंगभूत नियम कागदपत्रातला सगळा मजकूर ओळीने बाहेर टाकतात. ती मूळ फायलीवर आणि तयार फायलीवर चालवा, मोकळ्या जागा सोडून दोन्ही मजकूर ताडून बघा. हरवलेली ओळ लगेच सापडेल. कडव्यांच्या सीमा मात्र यात दिसणार नाहीत, त्या छापील संग्रह शेजारी ठेवूनच मोजा.